भिंत रंगली, पुढल्या पावसाचं काय?

आमच्या गावात एसटी स्टँडासमोर एक लांबच लांब कंपाउंड वॉल आहे. गाव सिंधुदुर्गातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी भिंत प्रत्येक तालुक्यात असेल. तीन वर्षांपूर्वी तिच्यावर वारली चित्रं आली. गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसं, मध्ये तारपा वाजवणारा, भोवती फेर. फीत कापली गेली, फोटो निघाले. मासळी विकून परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका काकींनी मला विचारलं, "ह्यो खंयचो नाच रे? आमच्याकडे दशावतारी नाचतत." म्हटलं, काकी, हे डहाणूकडचं. "मगे हय कित्याक इलो?"

मला काही सांगता आलं नाही. त्यानंतर पावसाळे गेले. तारपावाला कमरेपर्यंत शेवाळात बुडाला, फेरातली निम्मी माणसं पोपडे होऊन गळून पडली. आता भिंत नव्याने रंगवायची बोलणी चालली आहेत, म्हणून काकींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो. ते चित्रकलेत थोडं सापडलं. जास्त सापडलं ते जांभ्याच्या भोकांत, अंदाजपत्रकाच्या रकान्यांत आणि आपल्याच घरातल्या गणपतीच्या भिंतीवर.

शहर-नियोजनात हल्ली 'प्लेसमेकिंग' हा शब्द फार चालतो. साधा अर्थ असा की, निनावी मोकळी जागा लोकांना आपली वाटावी, तिथे थोडं थांबावंसं वाटावं, अशी ती घडवायची. भिंतीवरचं चित्र त्यात येतं, तसे बाक, पाट्या, दिवे, पायाखालची फरशी आणि बाजारातली सावलीही येते. कोकणात या शब्दाची गरज आत्ताच का पडली? गेल्या काही वर्षांत लांजा, देवरुख, गुहागर, कुडाळ, देवगड-जामसंडे अशा कितीतरी ठिकाणी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. महामार्ग चौपदरी होताना काही बाजारपेठांच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेले, काहींच्या दर्शनी ओळीच गेल्या. कौलारू घरं पाडून स्लॅबच्या इमारती झाल्या आणि स्लॅब गळायला लागल्यावर त्यांच्यावर निळे पत्रे चढले. रात्रीच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला आपण कणकवलीत आहोत की कराडात, हे पाटी वाचूनच कळावं अशी वेळ आली. मग प्रत्येकाला 'ओळख' हवीशी झाली. ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मिळते ती रंगाच्या डब्यात.

वारली चित्रांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यांच्या स्थलांतराबद्दलही नाही, कला फिरतेच. पण ती मुळात कशी होती ते बघण्यासारखं आहे. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत लग्नघरी शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहितात. लिहितात सुवासिनी, आणि चौकाच्या मध्ये पालघाट देवी असते. म्हणजे त्या चित्राला एक घर आहे, एक प्रसंग आहे, काढणाऱ्या ठरलेल्या बायका आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आणली, स्वतःच्या मनातले विषय काढले आणि ती जगभर नेली. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर कधीतरी वारली म्हणजे 'महाराष्ट्राची लोककला' असा एक सरकारी शिक्का तयार झाला आणि तो विमानतळापासून शौचालयापर्यंत सगळीकडे उमटू लागला. आमच्या भिंतीवर आला तो हा शिक्का. त्यात ना गंजाडची कोणी बाई होती, ना आमच्या गावातली.

आता आमच्याकडचं बघा. सिंधुदुर्गात चतुर्थी जवळ आली की गणपती बसतो ती भिंत नव्याने रंगवायची, ही जुनी चाल. पूर्वी चुना, गेरू, नीळ असायची. आता ऑइलपेंटचे डबे येतात. घरातला एखादा हौशी पोरगा, नाहीतर गावातला पेंटर, मोर, कमान, शंकर-पार्वती, जे जमेल ते काढतो. मुंबईहून आलेला चाकरमानी 'गेल्या वर्षीचा मोर बरा होता' म्हणून शेरा मारतो. वर माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, बांधतात. तिला कवंडळं, तेरडा, सुपारीचे कातरे, नारळ, आंब्याचे टाळे. सगळं त्या आठवड्यात त्या गावाच्या रानात जे असेल ते. वेंगुर्ल्याची माटवी आणि वैभववाडीची माटवी एकसारखी दिसत नाही. त्यासाठी कोणी 'स्थानिक अस्मितेचा प्रकल्प' केलेला नसतो, रानात मिळणारी फळं वेगळी असतात एवढंच.

चौक असो वा गणपतीची भिंत, दोन्हींना पुन्हा काढायची तारीख आहे आणि पुन्हा काढणारा माणूस आहे. कोकणात हे नवीन नाही. पावसानंतर खळं नव्याने चोपायचं, सारवायचं. पावसाआधी कौलं परतायची. गडगा ढासळला तर चिरे परत रचायचे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जिथे कोसळतो, तिथे 'एकदाच केलं, संपलं' अशी वस्तू टिकत नाही. इथल्या घराचं रूप असं दरवर्षीच्या डागडुजीतून आलेलं आहे. एसटी स्टँडासमोरच्या भिंतीला उद्घाटनाची तारीख होती, डागडुजीची नव्हती.

थोडं रंगाच्या शास्त्राबद्दल, कारण पैसे इथेच वाया जातात. आपल्याकडची निम्मी कंपाउंडं जांभ्याच्या चिऱ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहिला की कठीण होतो, पण त्याची भोकं जात नाहीत. पावसात तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. अशा भिंतीला आपण प्लास्टर करतो आणि वर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग देतो. जमिनीतून आणि मागच्या बाजूने पाणी आत शिरतंच. त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ते पापुद्र्याला आतून ढकलतं. फुगे येतात, फुटतात, पोपडे पडतात. समुद्र जवळ असला तर खारी हवा त्यात भर घालते. चुना असा पापुद्रा धरत नाही, वाफ जाऊ देतो, आणि अल्कधर्मी असल्याने शेवाळालाही काही काळ दूर ठेवतो. तो दरवर्षी द्यावा लागतो, हे खरं. म्हणजे चित्र जांभ्यावर हवं असेल तर दोन वाटा: चुन्यावर काढा आणि दरवर्षी काढायचं ठरवा, किंवा भिंतीला न चिकटणाऱ्या, पाणी न पिणाऱ्या वस्तूवर काढा. पणजीच्या फोंतेन्यशमध्ये घरांच्या भिंतीत नावाच्या फरश्या बसवलेल्या आहेत, चकाकणाऱ्या, निळ्या-पांढऱ्या. शैली पोर्तुगीज, पण पावसाला उत्तर चोख.

आणि 'अस्सल कोकणी' म्हणून आपण ज्या लाल कौलांसाठी हळहळतो, ती मंगलोरी कौलं एकोणिसाव्या शतकात मंगळुरातल्या बासेल मिशनच्या, म्हणजे जर्मन-स्विस मिशनऱ्यांच्या कारखान्यांतून पसरली. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं आणि गवती छपरं. म्हणून 'परकं म्हणजे खोटं' असं मला म्हणायचं नाही. मंगलोरी कौल आपलं झालं, कारण ते इथल्या पावसात चाललं आणि फुटलेलं एक कौल बदलायला कोणाची मंजुरी लागत नव्हती.

आता फाइल. गावात सगळीकडे तेच पेव्हर ब्लॉक, तोच स्टीलचा कठडा, तीच 'आय लव्ह अमुकतमुक'ची अक्षरं का दिसतात? अधिकाऱ्यांना अभिरुची नाही, हे उत्तर सोपं आहे पण बरोबर नाही. सार्वजनिक कामाचं अंदाजपत्रक दरसूचीवरून होतं. पेव्हर ब्लॉकला तिथे दर आहे: चौरस मीटरला इतके. हाताने घडवलेल्या, प्रत्येक नग वेगळा असलेल्या वस्तूला असा रकाना नसतो. मग कोटेशनं मागवा, दर पृथक्करण, म्हणजे दराची फोड, करा, तांत्रिक मंजुरी घ्या, लेखापरीक्षणात 'हाच कारागीर का?' याचं उत्तर तयार ठेवा. इतक्यात मार्च येतो आणि निधी परत जायची भीती असते. कनिष्ठ अभियंता शहाणा असेल तर तो पेव्हर ब्लॉकच लावतो. वर स्वच्छ सर्वेक्षणासारख्या स्पर्धांत सुशोभीकरण दाखवायचं असतं. पाहणी पथक येण्याआधी चार दिवसांत दिसण्यासारखं काम एकच, भिंत रंगवणं.

इमारतींचंही तसंच. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागाला बांधकामाची एकच एकत्रित नियमावली आहे. तिने परवानग्यांचा घोळ कमी केला, हे मान्य करायला हवं. पण लातूर आणि वेंगुर्ला एकाच पुस्तकात बसवायचे तर त्या पुस्तकात पडवी, पागोळ्या, उतरत्या छपराची लांब वळचण यांच्याबद्दल बोलायला कोण थांबणार? बिल्डर चटईक्षेत्राचा हिशोब करतो. पडवीत बसून पाऊस बघण्याला चौरस फुटांत भाव नाही.

या सगळ्यावर 'लोकसहभाग' हा उपाय सांगितला जातो. या शब्दापासून जरा सावध राहावं. शेरी अर्नस्टीन नावाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. आपण तिला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, समजू. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गोळा करतात, पटवतात, शांत करतात. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, एखाद्या समितीत खुर्ची देतात. निर्णय मात्र आधीच झालेला असतो. वरच्या तीन पायऱ्यांवर पोचल्यावर निर्णयात, पैशात आणि देखरेखीत लोकांचा वाटा सुरू होतो. शाळेच्या पोरांना एका रविवारी ब्रश आणि टी-शर्ट देऊन, आधीच काढून ठेवलेल्या रेषांत रंग भरायला लावणं ही कितवी पायरी, ते तुम्हीच ठरवा. आमच्या भिंतीचं काम असंच झालं. पोरांना मजा आली, एवढं खरं.

कायद्यातही एक पायरी आहे. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखडा आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध करावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ही पायरी खरी आणि दमदार आहे. फक्त कोकणात तिचा एक खास घोटाळा होतो. जमिनीचे निम्मे हिस्सेदार मुंबईत, सातबाऱ्यावर पंधरा नावं, आणि नकाशा लागलेला असतो कार्यालयातल्या बोर्डावर. चाकरमान्याला बातमी लागते ती गणपतीत, तोवर मुदत उलटलेली असते.

शिवाय त्या नकाशात काय असतं आणि काय नसतं? रस्ते असतात, आरक्षणं असतात. शिमग्याला पालखी बसते ती सहाण नसते. मांड, म्हणजे देवकार्याला गाव जमतं ती जागा, नसतो. पालखी कोणत्या घरापाशी वळते, नाचवताना किती मोकळी जागा लागते, होळीचा माड कुठून कुठे खांद्यावरून नेतात, हे नसतं. कोळीवाड्यात होड्या ओढून ठेवायची वाळू आणि मासळी सुकवायची जागा बाहेरच्या माणसाला 'रिकामी' दिसते आणि रिकाम्या जागेवर लगेच सेल्फी पॉइंट उगवतो. किनारा नियमनाच्या २०११च्या अधिसूचनेने मुंबईतल्या कोळीवाड्यांचं स्वतंत्र मापन करायला सांगितलं, ते याच भीतीपोटी. तेव्हा समाजाची कला म्हणून कोणाला गावासाठी काही करायचंच असेल, तर मी म्हणेन, ब्रशच्या आधी एक मोठा कागद घ्या आणि मानकऱ्यांना, मासळीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, शाळकरी मुलींना वेगवेगळं बसवून त्यांचा-त्यांचा नकाशा काढून घ्या. मुली कुठला रस्ता टाळतात, हे मानकऱ्यांच्या नकाशात येत नाही.

नुसती स्थानिक कला आणली की भागलं, असंही नसतं. माझाच एक किस्सा सांगतो. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, मला फार आवडते. दशावतारी गंजिफेत एकशे वीस गोल पानं, दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकात बारा पानं. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, मरायला टेकलेली ही कला उचलून धरली. मी मित्रांत एकदा जाहीर केलं की गंजिफेचं पान गोल, गटाराचं झाकणही गोल, तेव्हा गावातली सगळी झाकणं गंजिफेची करायची! जपानात झाकणांवर अशी सुंदर नक्षी असते. सगळे क्षणभर गप्प. मग एकजण म्हणाला, "मत्स्य, कूर्म, वराह गटारावर? वर त्यांच्यावर पाय देवन चलूचा?" माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. कडेची वेलबुट्टी चालेल, अवतार नको, असं शेवटी ठरलं. म्हणजे गप्पांत ठरलं. विचारायचं ते यासाठी.

पिंगुळीच्या चित्रकथीचंही असंच. कुडाळच्या अगदी शेजारी हे गाव. ठाकर समाजाने ती कला आणि कळसूत्री बाहुल्या जिवंत ठेवल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. मग वारली पुसून चित्रकथी रंगवू या का? ही चित्रं सुटी असतात, एकामागून एक पुढे धरतात, शेजारी माणूस वाद्यावर कथा सांगत असतो. त्यातलं एक चित्र उचलून भिंतीवर मोठं केलं की ते मुकं होतं. पण गंमत अशी की, एसटी स्टँड ही वाट बघण्याची जागा आहे. लांब भिंत आहे, माणसं बसलेली आहेत, वेळ भरपूर आहे. तिथे क्रमाने वाचायची दहा-बारा चित्रं, पत्र्यावर किंवा भाजलेल्या फरशीवर, भिंतीपासून बोटभर पुढे आणि काढता येतील अशी लावली, तर पोथी पुढे सरकल्यासारखी चित्रकथी तिथे शोभेल. पुढल्या वर्षी दुसरी कथा. पिंगुळीच्या कलाकारांना दरवर्षी थोडं काम, एकदाच मोठं नव्हे.

मुंबईत, म्हणजे उत्तर कोकणात, दोन प्रयोग शेजारी ठेवून बघता येतात. २०१७च्या शेवटी सासून डॉकमध्ये मोठं कला-प्रदर्शन झालं. १८७५चं हे बंदर. तिथे राबणाऱ्या माणसांचेच मोठमोठे चेहरे कागदावर छापून भिंतींवर डकवले गेले. कागद टिकणार नव्हता, टिकवायचा हट्टही नव्हता. पण एरवी नाकाला रुमाल लावून लांबून जाणारे लोक आत शिरले. त्याच सुमारास घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं स्वयंसेवकांनी झगझगीत रंगवली, मेट्रोतून दिसतील अशी. वस्तीचा चेहरा खुलला, रहिवासी सुखावलेही. मला त्यात खटकतं ते एवढंच की चित्राचा प्रेक्षक मेट्रोत बसलेला होता. सासून डॉकला चित्रातला माणूस खाली मासळी उतरवत होता.

कोकणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं 'चित्र' मात्र अजून कोणी काढलेलं नाही. ती नुसती एक रेघ आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंसुद्धा सुटली नाहीत. त्यानंतर पूररेषांवरून मोठा वाद झाला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. या रेषा नकाशावर असतात, आणि नकाशा बघतो तो वकील आणि बिल्डर. पण पूर ओसरल्यावर प्रत्येक दुकानात भिंतीवर चिखलाची रेघ होती. ती पुसायच्या आधी तिच्या उंचीवर एक निळी फरशी बसवली असती, वर्ष कोरलेली, गल्लीगल्लीत एक, तर? भाडेकरूला कळलं असतं माल किती उंच ठेवायचा. पोरांनी आपली उंची तिच्याशी मोजली असती. भाव पडतील म्हणून घरमालक नाराज झाले असते, हेही लिहून ठेवतो. ज्यावर गावात भांडण होईल असं चिन्ह बहुधा गावाचंच असतं.

कातळशिल्पांकडे आता सगळ्यांचं लक्ष गेलंय. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी धरून नऊ ठिकाणं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब, आत कितीतरी प्राणी कोरलेले. लवकरच तो प्रत्येक चौकात फायबरमध्ये उभा राहील अशी मला भीती आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आडवा पडलेला हत्ती आहे तो. त्याला उभा करू नका, एवढीच विनंती.

आमच्या भिंतीचं काय झालं, ते राहिलं. मागच्या महिन्यात वॉर्डातल्या पाच-सात जणांनी मिळून अर्ज दिला: भिंतीचं प्लास्टर खरवडा, जांभा उघडा करा, चुना द्या, पुढे काढती चित्रं लावा, आणि दर वर्षी दिवाळीआधी डागडुजीसाठी रक्कम अंदाजपत्रकातच धरा. सही घ्यायला काकींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चित्रा काढा नायतर नको, माका पाटी ठेवूक वायच ओटो बांधा. नि वर सावली." ते आम्ही सगळ्यात वर लिहिलं. अभियंत्याने अर्ज बघितला, पान उलटलं, दरसूची काढली. ओट्याला दर आहे, छपराला आहे, चुन्यालाही निघाला. चित्रांपुढचा रकाना त्याने पेन्सिलीने मोकळा ठेवलाय.